ऐकलेलं की बनवलेलं

दादा आणि मी एकमेकांशी बोलत नाही. एक सकाळ सोडली तर आप्पा गेले त्या आठवड्यात शेवटचं बोललो, आणि ते बोलणं नव्हतं, भांडण होतं. त्यानंतर कडकडीत अबोला. तरी रोज सकाळी आम्ही दोघं एकाच खोलीत येतो, एकाच लांब टेबलाच्या दोन टोकांना बसतो आणि एकच इंग्रजी-मराठी शब्दकोश पुढे ढकलतो. दिवसभर शब्दांत हात घालून बसणारी भावंडं आपसात एक शब्द काढत नाहीत, यावर लोकांनी पोट धरून हसून घेतलं आहे. त्यांचं हसून झालं असेल तर पुढचं सांगते.

कोश आप्पांचा. आप्पा म्हणजे आमचे वडील. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीतलं जेवणाचं टेबल रिकामं करून त्यावर कागद मांडले. तेव्हापासून घरात सगळे मांडीवर ताट घेऊन जेवतात. काम त्यांनीच वाटून दिलं होतं. क्रियापदं दादाकडे, नामं आणि विशेषणं माझ्याकडे. "हा सारखा काहीतरी करत असतो आणि ही सारखी कोणाला तरी नावं ठेवत असते," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. शब्द मुळात कुठून आला हे शोधायचं काम मात्र सगळ्याच शब्दांचं माझ्याकडे होतं, कारण त्याला लागणारी चिकाटी दादाकडे नाही. हे मी म्हणत नाही, आप्पा म्हणायचे. मी फक्त विसरले नाही.

टेबलाचे नियमही आप्पांचेच. शब्द लिहून तयार झाला की टायपिस्ट बाई तो मोठ्याने वाचणार. ज्याला हरकत असेल त्याने ती लिहिणाऱ्याच्या तोंडाकडे बघून, आपल्या तोंडाने सांगायची. चिठ्ठी चालणार नाही, मध्यस्थ चालणार नाही. बाई वाचून झालं की चष्मा काढतात, रुमालाने दोन्ही काचा सावकाश पुसतात आणि पुन्हा डोळ्यांवर चढवतात. तेवढी हरकतीची मुदत. चष्मा चढला की 'मान्य' असा शिक्का मारतात, आणि शिक्का पडलेला शब्द पुन्हा उघडायचा नाही. खुद्द आप्पांनीही कधी उघडला नव्हता.

दुसरा नियम उदाहरणांचा. प्रत्येक अर्थाखाली एक वाक्य द्यायचं, ते इंग्रजीत आणि मराठीत दोन्हीकडे छापायचं, पण ते मनाने रचायचं नाही. खऱ्या माणसांकडून खरंच ऐकलेलं हवं, निदान त्यातली गोष्ट तरी आपल्या कानांनी ऐकलेली. "माणसं जे बोलत नाहीत ते कोशात कशाला घालता?" असं आप्पा विचारायचे. कोणाला संशय आला तर त्याने एकच प्रश्न करायचा, ऐकलेलं की बनवलेलं? ज्याला विचारलं त्याने खरं सांगायचं. बनवलेलं असेल तर वाक्य बाद.

आणि खरं सांगायचं म्हणजे सांगायचंच. दादा दुकानदाराशी खोटं बोलतो, वहिनीशी बोलतो, डॉक्टरला स्वतःचं वजनसुद्धा कमी करून सांगतो. टेबलावर मात्र तो कधी खोटं बोललेला नाही. मी त्याला पाण्यात पाहते, तरी एवढं त्याच्या पदरात टाकते. मीही तिथे कधी खोटं बोललेले नाही.

आता या नियमांत आमचा अबोला बसवून पाहा. हरकत तोंडाने घ्यायची आणि तोंड तर उघडायचं नाही. जो आधी बोलेल तो हरला, हे आम्ही दोघांनी न बोलताच ठरवून टाकलं होतं. त्यामुळे आप्पा गेल्यापासून टेबलावर एकही हरकत आली नाही. बाई वाचायच्या, चष्मा पुसायच्या, शिक्का मारायच्या. म्हणजे आता काहीही लिहिलं तरी ते मान्यच होणार. पहिल्यांदा हे दादाच्या लक्षात आलं.

'अबँडन' हे क्रियापद, म्हणजे त्याच्याकडचं. बाईंनी अर्थ वाचला, सोडून देणे, वाऱ्यावर सोडणे, आणि मग उदाहरण वाचलं. "धडधाकट नवऱ्याला सोडून तिने बापाच्या घरी ठाण मांडलं." मी नवऱ्याला सोडून आप्पांकडे आले होते आणि आमची आत्या हे वाक्य जसंच्या तसं दारोदार सांगत फिरायची. म्हणजे ऐकलेलंच होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाई काचा पुसत होत्या. मी पेन्सिल इतकी दाबली की तिचं टोक मोडलं, पण तोंड उघडलं नाही. शिक्का पडला.

मग मीही सुटले. 'अॅपेटाइट', नाम, भूक. "त्यांना भूक सगळ्याची आहे, कामाची सोडून." हे वहिनीचं, माझ्यासमोर भाजी निवडताना म्हणालेली. 'अॅमेचर', हौशी. "चाळीशी उलटली तरी हा हौशीच." हे आप्पांचं, दादाच्या देखत. त्यावर त्याने 'अॅडमायर' खाली दिलं, "ती स्वतःचं कौतुक स्वतःच करते, दुसऱ्याला त्रास देत नाही." हे कोण म्हणालं ते मला अजून सापडलेलं नाही, पण कोणीतरी म्हणालं असणार. अशा रीतीने, जो शब्द आधी तयार होईल तो आधी घेत, आम्ही एका अक्षराचा बराचसा भाग संपवला. टायपिस्ट बाई हे सगळं सरकारी बातम्या वाचाव्यात तसं वाचायच्या. त्या आप्पांनी ठेवलेल्या, टेबलाशी इमान राखणाऱ्या. कोण कोणाला ओरबाडतंय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

भांडण कशावरून, ते सांगायला हवं. मी आप्पांसोबत वरच्या मजल्यावर राहायचे, दादा आणि वहिनी खालच्या. वर चार खोल्या. पुढची कामाची, मग आप्पांची, मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागे कागदांच्या गठ्ठ्यांची, तिला मागचा जिना. आप्पा पाय घसरून पडले तेव्हापासून अंथरुणातच असायचे, सकाळी तेवढे आम्ही त्यांना उचलून टेबलापाशी आणून बसवायचो. त्या दिवशी टेबलावर त्यांनी दादाचा एक अख्खा शब्द माझ्या हरकतीवरून परत पाठवला. दादा उठला, छापखान्यात जातो म्हणाला आणि दार आपटून गेला. दुपारी बाई घरी गेल्या. वहिनी माहेरी होती. आप्पांना झोप लागली होती. त्यांच्या चष्म्याची काडी तुटली होती आणि चष्म्याशिवाय ते म्हणजे निव्वळ कटकट, म्हणून मी दुरुस्तीला दिलेला चष्मा आणायला गेले. दुकानदाराने बसवून ठेवलं. परत आले तर आप्पा पलंगाच्या खाली, दाराकडे तोंड करून पडलेले.

थोड्या वेळाने दादा आला, छापखान्यातून. डॉक्टर आले. ते म्हणाले, झटका मोठा होता, लगेच गेले असतील, काही कळलंही नसेल. मी तेवढं वाक्य उचललं आणि त्यावर इतकी वर्षं जगले. काही कळलंही नसेल.

दादाने मात्र सगळं खापर माझ्यावर फोडलं. येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला तो एकच गोष्ट सांगत होता. "घरात हीच होती. बाप मेला आणि हिला पत्ता नाही." मी म्हटलं, मी चष्मा आणायला गेले होते. तो म्हणाला, खोटं बोलते. सगळ्यांसमोर म्हणाला. आत्या म्हणाली, जाऊ दे, झालं ते झालं, म्हणजे तिनेही त्याचंच खरं मानलं. दुकानदाराला साक्षीला आणता आलं असतं. पण माझा बाप मेला तेव्हा मी कुठे होते, हे चष्मेवाल्याकडून वदवून घ्यायला मी तयार नव्हते. मी दादाला म्हटलं, यापुढे माझ्याशी बोलू नकोस. त्याने ऐकलं. आयुष्यात माझं ऐकलेली तेवढी एकच गोष्ट.

तेव्हापासून सगळ्या गोतावळ्यात मी म्हणजे बापाला मरू देणारी मुलगी. तोंडावर कोणी बोलत नाही. लग्नाकार्यात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहते, एवढंच.

तर त्या सकाळी प्रकाशक आले होते. कोशाचा पहिला भाग त्यांना छापायला न्यायचा होता आणि शेवटची थोडी पानं राहिली होती, ती टेबलावर मंजूर झाली की ते सोबतच घेऊन जाणार होते. गोल चेहऱ्याचा, घाईतला माणूस. वाचलेल्या भागावर खूश होता. "उदाहरणं फार जिवंत आहेत हो," त्यांनी आल्याआल्या सांगितलं. "कुठून आणता?" दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "घरचीच आहेत."

त्या दिवसाचा मोठा शब्द होता 'आन्सर'. क्रियापद, दादाकडचं, पण मूळ मी लिहिलेलं. बाईंनी आधी मूळ वाचलं. जुन्या इंग्रजीतला शब्द. त्याचे दोन तुकडे. पहिल्याचा अर्थ समोरून, विरुद्ध. दुसरा तोच, ज्यापासून 'स्वेअर' म्हणजे शपथ घेणे हे क्रियापद आलं. मिळून अर्थ, आरोपाच्या विरोधात शपथेवर बोलणे. पुढे शब्द झिजला, शपथ गळून गेली आणि कोणीही कोणालाही नुसतं उलट काही बोललं तरी त्याला तोच शब्द पुरायला लागला. लिहिताना त्यात मधे एक अक्षर राहिलं आहे, डब्ल्यू, जे आता कोणी उच्चारत नाही. ते त्या जुन्या शपथेचं.

हे मला फार आवडलं होतं. ज्या दिवशी सापडलं त्या दिवशी मी ते सांगायला आप्पांच्या खोलीपर्यंत गेले होते, आणि खोली रिकामी आहे हे दारात आठवलं.

"म्हणजे मुळात हे कोर्टातलं," प्रकाशक म्हणाले.

"आरोप झालेल्या माणसाचं," मी म्हटलं.

दादा खिडकीबाहेर बघत राहिला. बाईंनी अर्थ वाचायला घेतले. हे काम दादाचं आणि चांगलं होतं, नाइलाजाने सांगते. इंग्रज माणूस प्रश्नालाही आन्सर करतो, पत्रालाही, दारालाही आणि फोनलाही. आपल्याकडे प्रश्नाला आणि पत्राला उत्तर देतात, पण दार उघडतात आणि फोन उचलतात. दाराला कोणी उत्तर देत नाही. पोरगं तोंड वर करून बोललं तर तेही इंग्रजीत आन्सरच, पण मागे 'बॅक' लावून. वस्तूने वेळ भागवली तर आन्सर, वर्णन जुळलं तर आन्सर. एखाद्या गोष्टीचा जाब द्यावा लागला तर मागे 'फॉर' लावायचं. प्रत्येक अर्थाखाली वाक्य होतं आणि आज त्यांत माझ्यावर काही नव्हतं. फोनखाली, "वाजू दे, घेणेकरी असेल." दाराखाली, "बघ कोण तडफडलंय ते." ही दोन्ही वहिनीची. मला वाटलं, प्रकाशक बसले आहेत म्हणून आज दादाने सुट्टी दिली.

"अर्थ सातवा," बाई वाचत होत्या. "हाकेला ओ देणे. उदाहरण. वडील मुलीला हाका मारत राहिले, तिने ओ दिली नाही."

बाईंनी कागद खाली ठेवला. चष्मा काढला. पर्समधून रुमाल काढला.

मला आधी फक्त राग आला. नेहमीचाच राग, रोजच्या वापरातला. आत्या, रिकामी खुर्ची, सगळं एकदम वर आलं. आजवर तो हे तोंडाने सांगत होता, आता छापून सांगणार होता, आप्पांच्याच कोशात, आणि शाळेतली पोरं ते पाठ करणार होती. मी गप्प बसले तर शिक्का पडणार होता, आणि आमच्या टेबलावर गप्प बसलेल्या माणसाने ते मान्य केलं असंच धरतात. मी स्वतःच मान्य केलं असतं की बाप हाका मारत होता आणि मी ओ दिली नाही.

बाईंची एक काच पुसून झाली.

मग राग बाजूला राहिला आणि ते वाक्य मला दुसऱ्यांदा ऐकू आलं. हाका मारत राहिले. कोण म्हणालं असं? मी परत आले तेव्हा ते गेलेले होते. डॉक्टरांनी सांगितलं, लगेच गेले. नातेवाइकांत, आत्यात, वहिनीत, कोणाच्याही बोलण्यात हाक नव्हती. दादाच्यासुद्धा नव्हती. तो सगळ्यांना सांगायचा की हिला पत्ता लागला नाही. हाक मारली असं तो कधीच म्हणाला नव्हता. आज टेबलावर म्हणत होता, आणि टेबलावर तो खोटं बोलत नाही.

बाई दुसरी काच पुसत होत्या.

"दादा," मी म्हटलं.

दादाने मान वळवली. इतक्या वर्षांत त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदा आला तो आनंद. मी आधी बोलले होते. तो जिंकला होता.

"हे वाक्य ऐकलेलं की बनवलेलं?"

तो आनंद किती पटकन गेला ते मी बघितलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बाईंनी चष्मा हातातच धरून ठेवला. प्रश्न झाल्यावर उत्तर येईपर्यंत त्यांना तो चढवता येत नाही.

बनवलेलं म्हणाला असता तर वाक्य बाद झालं असतं. प्रकाशकांसमोर एकदाच कमीपणा आला असता, बाकी सगळं होतं तसं राहिलं असतं. त्याला ते कळत होतं. तो बाईंकडे बघत होता, मग कागदाकडे, मग आप्पांच्या खुर्चीकडे, जिच्यावर आता प्रकाशक बसले होते.

"काय गंमत आहे ही?" प्रकाशक म्हणाले.

"ऐकलेलं," दादा म्हणाला.

"कुठे?"

"मागच्या खोलीत."

"तू छापखान्यात होतास."

"गेलोच नाही. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. मागच्या जिन्याने." तो टेबलाशी बोलत होता. "डोकं फिरलं होतं. गठ्ठ्यांवर पडून होतो, दार लावून."

"आणि?"

"आणि त्यांनी हाक मारली."

"एकदा?"

"एकदा नाही."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती होत नव्हती. मला डॉक्टरांचं ते वाक्य आठवलं आणि ते आता माझं राहिलं नाही हे कळलं. त्यांना सगळं कळत होतं. ते पलंगावरून उतरले होते, दाराकडे निघाले होते.

"तू का नाही उठलास?" मी विचारलं.

"हाक मला नव्हती."

"काय?"

"तुला होती." आता तो माझ्याकडे बघून बोलला आणि त्याचा आवाज चढला. "चिंगे, चिंगे. सारखं तेच. मधे थांबले, परत चिंगे. माझं नाव एकदासुद्धा नाही. सकाळी तुझं ऐकून माझा शब्द फेकून दिला, आणि दुपारीही तूच. मी मनात म्हटलं, बोलवा. बोलवा तुमच्या लाडकीला. ती जाईल."

चिंगी हे माझं घरातलं नाव. आप्पा गेल्यापासून ते कोणी घेतलं नव्हतं.

"मी नव्हते घरात."

"होतीस. स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता. मी ऐकत होतो. रेडिओ चालू, आप्पा हाका मारतायत, आणि तू जागची हलत नाहीस. मग ते गप्प झाले, तेव्हा वाटलं, गेलीस एकदाची त्यांच्यापाशी. मी उठलो आणि आल्या वाटेने निघून गेलो."

"रेडिओ त्यांच्यासाठी लावून ठेवला होता. जाग आली तर सोबत म्हणून."

दादा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागला.

"मी चष्म्याच्या दुकानात होते," मी म्हटलं. "तेव्हाही सांगितलं होतं, सगळ्यांसमोर."

"तेव्हा वाटलं, खोटं बोलतेस."

"आता मी टेबलावर बसलेय."

मूळ अर्थाने उत्तर म्हणतात ते हेच. आरोपाच्या समोर उभं राहून, शपथेवर. मला ते त्या क्षणी सुचलं वगैरे नाही, नंतर सुचलं. त्या क्षणी मी फक्त त्याचा चेहरा बघत होते. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. ठेवावाच लागला. इतकी वर्षं तो मला ज्यासाठी पाण्यात पाहत होता ते मी केलंच नव्हतं. बाप मरताना घरात एकच माणूस होतं, आणि ते रुसून गठ्ठ्यांवर पडलं होतं.

मला त्याची दया आली का? नाही आली. आली असती तर मी तशी बरी बाई ठरले असते. मला एवढंच वाटत होतं की आप्पांनी इतक्यांदा माझं नाव घेतलं आणि मी चष्मेवाल्याच्या बाकावर बसून भिंतीवरची अक्षरं मोठ्यापासून लहानापर्यंत वाचत होते.

"बाई," दादा म्हणाला, "ते वाक्य काढा."

बाईंनी मान हलवली. "लिहिणाऱ्याला वाचून झाल्यावर स्वतःचं वाक्य काढता येत नाही. आप्पांचा नियम आहे. ताईंची हरकत असेल तर काढते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्रकाशक घड्याळ बघायचे थांबले होते, एवढं त्यांना कळलं असावं. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत विनवणी होती. ती मी ओळखली. लहानपणी माझी पाटी फोडली की तो आप्पा येण्याआधी असाच बघायचा, आणि मी दरवेळी सांगायचे की माझ्याच हातून फुटली.

"हरकत नाही," मी म्हटलं. "ऐकलेलं वाक्य आहे. राहू द्या."

बाईंनी चष्मा उचलला.

"थांबा. त्याच्यापुढे अजून एक घ्या. त्याच अर्थाखाली." मी सावकाश सांगितलं, म्हणजे त्यांना नीट टाइप करता यावं. "मुलगा मागच्या खोलीत होता, त्यानेही ओ दिली नाही."

बाईंनी टाइप केलं. यंत्राचा आवाज थांबल्यावर त्यांनी ते मोठ्याने वाचलं, आधीचं वाचलं होतं त्याच आवाजात. मग माझ्याकडे वळून, त्या खोलीत काम करायला लागल्यापासून पहिल्यांदाच, त्यांनी स्वतः विचारलं, "ताई, हे ऐकलेलं की बनवलेलं?"

"ऐकलेलं," मी म्हटलं. "आत्ताच."

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. पुसलेलाच होता, तरी पुन्हा दोन्ही काचा पुसल्या, नेहमीपेक्षा सावकाश. त्या त्याला वेळ देत होत्या हे मला कळत होतं, त्यालाही कळत असणार. मी दादाकडे बघत होते. नियमाप्रमाणे त्याने माझ्या तोंडाकडे बघून एक शब्द उच्चारायचा होता. त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि मान खाली घातली. बाईंनी चष्मा चढवला आणि शिक्का मारला.

प्रकाशकांनी घसा खाकरून विचारलं, अजून किती पानं आहेत. बाई म्हणाल्या, थोडीच. त्यांनी पुढचा कागद ओढला.

"चिंगे," दादा म्हणाला.

अगदी हळू म्हणाला, पण टेबलाच्या या टोकापर्यंत ते स्पष्ट ऐकू आलं. बाईंचा हात कागदावर थांबला. पुढचा शब्द होता 'अँट', मुंगी, नाम, माझ्याकडचा. मी बाईंना वाचायला सांगितलं.